गच्चीवरची चंद्री

नदी किती फुटांवर आली हे रेडिओ दर तासाला सांगायचा, पण आमच्या गल्लीचा त्यावर फारसा विश्वास नव्हता. पाणी आधी आमच्या मोरीतून उलटं वर यायचं, मग कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीच्या पायरीला लागायचं, आणि गिरणीवाल्यानं मोटर खोलून डोक्यावर घेतली की आई चटणीची बरणी उचलायची. वर्षाची कांदा-लसणाची चटणी ती. आधी बरणी वर जायची, मग देव, मग रेशनकार्ड आणि मग मी. हा क्रम मला लहानपणी फार झोंबायचा. आता माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात तशीच बरणी आहे आणि आईचं चुकत होतं असं मला वाटत नाही, कारण बरणीला पाय नव्हते आणि मला होते.

आम्ही नदीकडच्या पेठेत भाड्यानं राहायचो. खाली आमच्या दोन खोल्या आणि मागं गोठा. वर घरमालकीण काकूंच्या दोन खोल्या आणि पुढं ऐसपैस गच्ची. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, त्यामुळं बोलणं पुस्तकातल्यासारखं आणि नजर वर्गात कोण बोलतंय ते शोधणारी. त्यांच्या यजमानांनी हौसेनं बाहेरून सिमेंटचा जिना काढला होता, वरात चढून जाईल एवढा रुंद. त्या जिन्याचा आपल्या बायकोला पुढं एवढा ताप होईल हे त्या बिचाऱ्या माणसाच्या स्वप्नातही आलं नसेल. गच्चीवर काकूंच्या कुंड्या होत्या. गुलाब, मोगरा, कढीपत्ता आणि मधोमध तुळस. आम्ही खाली हगलं-मुतलं उपसायचो आणि त्या वर फुलं मोजायच्या, तरी भांडण कधी नव्हतं. सकाळी चहाला दूध आमचं असायचं ना!

आबांच्या तीन म्हशी होत्या. पहाटे धार काढायच्या आवाजानं मला जाग यायची. रिकाम्या बादलीत आधी टणटण, मग बादली भरत आली की तोच आवाज जाड होत जायचा. आबा म्हणजे माझे वडील, अंगानं सडपातळ, आवाजानं पैलवान. घरातल्या घरात मीठ मागितलं तरी गिरणीवाला ओ द्यायचा. पण म्हशींशी ते हळू बोलत. तिघींत त्यांचा जीव होता तो चंद्रीवर. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून ती चंद्री. आणि चंद्रीच्या खालोखाल जीव लाल मोटारसायकलवर. मी आणि आई त्यानंतर कुठंतरी, ते आम्ही कधी विचारलं नाही.

बाहेरगावच्या वाचकांना एक सांगायला हवं. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी मिरवतात. शिंगं रंगवायची, डोक्यावर मोरपिसांचा तुरा, गळ्यात कवड्यांच्या माळा आणि घुंगरं, अंग तेलानं असं चमकवायचं की त्यात भांग पाडता यावा. मग मालक मोटारसायकलवर बसतो, गाडीचा सायलेन्सर काढलेला असतो, आणि म्हैस मोकळी सोडतात. दावं नाही की काठी नाही. आपल्या मालकाच्या गाडीचा आवाज ओळखून म्हशीनं त्या गर्दीत गाडीच्या मागं पळायचं. ज्याची पळाली त्याची मान वर्षभर ताठ. आणि प्रश्न नुसता मानेचा नव्हता. रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या असलेल्या बायका त्याच दिवशी ठरवत, की कुणाची जनावरं तेजदार आहेत, कुणाचा रतीब लावायचा. जाहिरात म्हणा, परीक्षा म्हणा, आमचं वर्षभराचं पोट त्या एका संध्याकाळच्या पळण्यावर होतं. म्हणून श्रावण लागला की आबा सायलेन्सर काढून माळ्यावर टाकत आणि रोज गल्लीतून एक फेरी सराव करत. फट्-फट्-फटाक् असा तो आवाज होता. मधेच एक ठोका चुकायचा, आणि तो चुकलेला ठोकाच चंद्रीची ओळख होती. दुसऱ्या कुणाच्या गाडीकडं ती ढुंकून बघत नसे.

त्या वर्षी पावसानं उघडायचं नावच घेतलं नाही. धरणाचे दरवाजे उघडणार अशी आवई उठली तेव्हा आबांनी दोन म्हशी टेम्पोत घालून बिद्रीला मावशीकडं पाठवल्या. चंद्री दुधात होती आणि रतीब तोडायचा नव्हता म्हणून तिला मागं ठेवली. "उद्या बघू," असं आबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पाणी गिरणीची पायरी ओलांडून थेट आमच्या उंबऱ्यात आलं. आई बरणी घेऊन वर पळाली. आबांनी आधी गाडी वाचवायला घेतली. जिन्यावर फळ्या टाकल्या, गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला आणि शेजारून चालत ती वर चढवायला लागले. मागून गिरणीवाला आणि मी रेटत होतो.

"काय बघत बसलीयास मंजे? फळी धर की!"

"धरलीया की आबा!"

फट्-फट्-फटाक् करत गाडी गच्चीवर पोचली. आणि मागं खाली पाण्यात धबाधब आवाज झाला. चंद्रीनं दावं तोडलं होतं. श्रावणातली सरावाची फेरी निघालीय आणि आपण मागं राहिलो, असंच तिला वाटलं असणार. गुडघाभर पाण्यातून ती आली, जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिनं खूर ठेवला आणि बघता बघता सगळा जिना चढून घागर घेऊन जिना चढलेल्या बाईसारखी फुसफुसत गाडीच्या मागं येऊन उभी राहिली. आजूबाजूच्या गच्च्यांवरून टाळ्या पडल्या. आबांची छाती फुगली.

"बघा, माणसापरीस हुशार हाय! कुणाला सांगाय लागलं न्हाय."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी एकदा म्हशीकडं पाहिलं, एकदा तुळशीकडं. "अहो, पण ही खाली कशी येणार?" असं त्यांनी विचारलं. त्या क्षणी त्या एकट्याच शहाण्या होत्या, आणि म्हणूनच त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

पुराचे ते दिवस, खोटं कशाला बोलू, मला फार आवडले. शाळा नाही, शेण एकाच म्हशीचं, आणि सगळी गल्ली आपापल्या गच्चीवर. वीज गेलेली, त्यामुळं टीव्ही नाही, आणि पाण्याचाच तेवढा एकसारखा हूं असा आवाज. आई आणि काकू एकाच चुलीवर रांधायच्या. काकूंच्या आमटीत गूळ, आईच्या आमटीत आमची बरणी. तिसऱ्या दिवसापासून काकू आपल्या आमटीत गुपचूप चटणी घालायला लागल्या आणि आई गूळ. चंद्रीनं पहिल्या दिवशी मोगरा खाल्ला, मग गुलाब काट्यांसकट, मग कढीपत्ता. तुळशीला मात्र तिनं तोंड लावलं नाही, म्हणून काकूंचा तिच्यावर थोडा विश्वास बसला. तुळस तिला कडू लागत असेल एवढंच.

शहरात दूध येणारे रस्ते बुडाले होते. पैसे मोजूनही कुणाला कपभर मिळत नव्हतं. आणि आमच्या गच्चीवर जिवंत म्हैस! आबा सकाळ-संध्याकाळ धार काढायचे आणि बादलीला दोर बांधून खाली मदतीला फिरणाऱ्या होडीत सोडायचे. होडीतून दूध गच्ची-गच्ची फिरायचं आणि येताना होडी चंद्रीसाठी कोंडा, शिळ्या भाकरी आणायची. पैसे घेतले नाहीत. आई हळूच म्हणाली, "निम्मं तरी घ्यावं." आबा म्हणाले, "पुरात गिऱ्हाईक नसतंय गं, शेजारी असतोय." हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते पुढं तीन गच्च्यांना ऐकवलं.

पाणी उतरलं आणि गंमत संपली. खाली आलो तर गोठ्याची भिंत पडलेली, पेंडीची पोती कुजून वास मारत होती, आणि आमच्या गाद्या दोघांना उचलत नव्हत्या एवढ्या जड झाल्या होत्या. गल्लीत पहिला आला तो भंगारवाला शिवाप्पा. तीन चाकांचा सायकलगाडा, त्यावर बॅटरी आणि कर्णा. "भिजलेला टीव्ही, भिजलेला मिक्सर, गाऽऽदी" असं तो कर्ण्यातून ओरडायचा आणि बायका डोळे पुसत वस्तू बाहेर आणायच्या. त्याचा धंदा इतका कधीच झाला नव्हता आणि त्याची त्याला लाजही वाटायची, म्हणून तो प्रत्येक दारात पाणी मागायचा आणि सुखदुःख विचारायचा. आमच्या दारात येऊन त्यानं वर बघितलं. कठड्यावरून चंद्री खाली बघत होती.

"पाण्यात म्हैस आन वर मोल म्हंत्यात पावणं," शिवाप्पा म्हणाला. "तुमची तर म्हैसच वर हाय. आता मोल खाली करायचं काय?"

आबांना त्या दिवशी हसू आलं नाही. पंचनाम्याला आलेल्या माणसानं भिंत लिहून घेतली, गाद्या लिहून घेतल्या, आणि जनावरं किती मेली असं विचारलं. आबा म्हणाले, एकबी न्हाय. "मग बरंच आहे की," म्हणून तो पुढच्या घरी गेला. बरं काय होतं ते आम्हालाच माहीत. नदीकाठचा ऊस, कडवळाचा चारा सगळं पाण्याखाली कुजलं होतं, त्यामुळं वैरणीचा भाव ऐकून म्हैससुद्धा उपाशी राहिली असती. गोठा पडलेला, म्हणून बिद्रीच्या दोघींना परत आणता येत नव्हतं. चंद्रीचं एकटीचं दूध पुरत नव्हतं. आणि ज्या घरांनी पुरात आमचं फुकट दूध प्यायलं त्यांनी रस्ते सुरू झाल्यावर पिशवीचं दूध लावलं. त्यांचं तरी काय चुकलं? चहा थांबत नाही. पण दारावरून जाताना त्या बायका पदर सावरत भलतीकडं बघायच्या आणि मला त्यांच्या अंगावर शेणाचा गोळा टाकावासा वाटायचा. एकदा टाकला. तो लागला नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा आबांनी गाडी विकली. पूर आला की बुडालेल्या मालाचा भाव उतरतो आणि न बुडालेल्याचा चढतो. सगळ्या पेठेत कोरडी राहिलेली ती एकच गाडी होती. गिऱ्हाईक मिळालं ते राजारामपुरीतल्या माने सरांचं. त्यांचा गणिताचा क्लास होता, मी तिथंच जायची, आणि माझी फी दुधात वळती व्हायची. सरांची स्कूटर दुरुस्तीला टाकलेली, ती गॅरेजातच बुडाली होती. आबांनी माळ्यावरचा सायलेन्सर पुसून गाडीबरोबर दिला. गावात पेट्रोल नव्हतंच, म्हणून गाडी बंदच फळ्यांवरून खाली उतरवली आणि ढकलत नेली. चंद्री रवंथ करत बघत राहिली. त्या पैशांतून चंद्रीची वैरण आली आणि गोठ्याची भिंत उभी राहिली. आबा त्या रात्री जेवले नाहीत. आईनं ताट झाकून ठेवलं.

आणि मग चंद्रीला खाली आणायची वेळ आली. म्हैस जिना चढते, उतरत नाही, हे ज्ञान आमच्या गल्लीला त्या आठवड्यात झालं. उसाच्या शेंड्याचं हिरवं वाडं दाखवलं, तिनं मान लांब करून ते वरच ओढून घेतलं. गूळ दाखवला, तो मी आणि तिनं वाटून खाल्ला. डोळ्यांवर पोतं बांधलं तर ती खालीच बसली. तालमीतले चार गडी आले, एकानं मागून रेटलं, आणि तिनं शेपटीनं त्याच्या तोंडावर असं काही लिहिलं की तो थेट नदीवर गेला. क्रेनवाल्याला विचारलं. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून आबा म्हणाले, "एवढ्यात तर दुसरी म्हैस यील, आन तिला जिना दावायचा न्हाय एवढी अक्कलबी यील."

काकूंचा धीर सुटला. गच्चीतून शेणाचं पाणी त्यांच्या देवघराच्या भिंतीत उतरायला लागलं होतं. त्या हात जोडूनच खाली आल्या. "आबा, तुमचं दूध मी प्यायले, मी विसरलेली नाही. पण माझ्याकडं गणपती बसतो, मुलगा-सून येतात. गणपतीच्या आत म्हैस खाली गेली पाहिजे. नाहीतर तुम्हाला दुसरी जागा बघावी लागेल." त्या रडत होत्या. आबांनी मान हलवली. गणपती आठवड्यावर होता. पुरातून वाचलेलं घर आता म्हशीपायी जाणार, किंवा घरापायी ती म्हैस वरच्या वर कुणाच्यातरी हाती मातीमोल जाणार, असं दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी क्लासला गेले. माने सर खाली गाडी पुसत होते. हेल्मेट, हातमोजे, सगळा थाट. त्यांनी किक मारली आणि सायलेन्सर लावलेली आमची गाडी मांजरासारखी गुरगुरली. पण त्या गुरगुरण्यातही मधला एक ठोका चुकला. मी पुस्तकं तिथंच टाकली.

"सर! चंद्री गाडीच्या मागनं वर चढल्या. गाडीच्या मागनंच खाली येणार बघा!"

आम्ही कोल्हापूरच्या पोरी घाईत काय बोलतो ते सरांना सवयीनं कळायचं. "मंजिरी, म्हशीचा आणि माझा काय संबंध?"

"गाडी तुमची झाल्या सर, पर ते म्हशीला ठाव न्हाय."

सर तसे भले होते. फक्त एक अट त्यांनी घातली, की गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही, मीच चालवणार. संध्याकाळी ते आमच्या गल्लीत आले. गल्ली भरलेली, जणू कुस्तीचा फड. आबा वर चंद्रीपाशी, आई जिन्याच्या कडेला वैरणीची बुट्टी घेऊन, शिवाप्पा गाडा थांबवून उभा. सरांनी गाडी सुरू केली. चंद्रीनं कानही हलवला नाही.

"आवाज मेलाय तिचा," आबा वरून ओरडले. "सायलेन्सर काढा!"

"अहो, आत्ताच बसवून घेतलाय! आणि पोलिस?"

"पोलिसाचीबी म्हैस असंल की पाडव्याला!"

आबा पाना घेऊन खाली आले, सायलेन्सर काढला आणि माझ्या हातात दिला. गाडीवरून त्यांनी एकदा हात फिरवला, ते मी पाहिलं. मग परत वर गेले. सरांनी किक मारली.

फट्-फट्-फटाक्.

चंद्रीची रवंथ थांबली. कान पुढं आले. आबांनी दावं सोडलं. तिनं जिन्याच्या तोंडाशी येऊन एक पाय खाली टाकला, परत वर घेतला. मी मनात म्हणत होते, ये गं बाई, ये, आमचं घर तुझ्या पायात आहे. सरांनी घाबरून मूठ पिळली, गाडी मोठ्यानं गरजली आणि चंद्री निघाली. तिरकी होत, खूर घसरवत, तीन पायऱ्या चालत आणि उरलेला सगळा जिना एका उडीत. काकूंची तुळस कठड्यावरून कलंडता कलंडता राहिली.

ठरलं होतं ते असं, की सरांनी कोपऱ्यापर्यंत जायचं आणि थांबायचं. पण सरांनी आरशात पाहिलं, आणि आरशात चंद्रीशिवाय काहीच नव्हतं. ते थांबले नाहीत. आबा मागून "थांबा! थांबा!" ओरडत होते, पण सायलेन्सर नसलेल्या गाडीवर बसून कुणाला काय ऐकू येणार! पुढं सर, मागं चंद्री, तिच्या मागं शेजाऱ्याच्या नुकत्याच दुरुस्त झालेल्या स्कूटरवर आबा आणि मी, असा तो ताफा बाजारातून निघाला. लोकांना वाटलं यंदा पाडवा लवकर आला. पुरानं तोंडं सुकलेले दुकानदार चिखल काढायचं सोडून फळीवर उभे राहिले आणि शिट्ट्या मारायला लागले. एका चौकात सिग्नल लाल झाला आणि कायद्याला भिणारे सर थांबले. चंद्रीही थांबली, शहाण्यासारखी, आणि त्यांच्या मानेवर श्वास सोडत उभी राहिली. हिरवा होईपर्यंत सर काय भोगत होते ते त्यांनाच ठाऊक.

राजारामपुरीच्या गल्लीत वळले तेव्हा क्लासची सगळी पोरं गॅलरीत आली. त्यातल्या एकाकडं दुबईच्या काकांनी दिलेला मोबाइल होता. त्यानं तो पुढं धरून सगळं आवाजासकट टिपून घेतलं. सर ओरडत आले, "अरे धरा रे हिला! धराऽऽ!" आणि गाडी तशीच चालू टाकून क्लासच्या जिन्याकडं धावले.

"सर, गाडी तेवढी वर नेऊ नका!" मी ओरडले.

आबांनी चावी फिरवली. आवाज थांबला आणि चंद्री जागच्या जागी रवंथ करायला लागली. सर वरच्या पायरीवर बसून हेल्मेटमधूनच म्हणाले, "आबा, ही गाडी घेतली की म्हैस फुकट मिळते, हे आधी सांगायचं होतं." त्यांनी आठवड्याच्या आत ती इचलकरंजीच्या एका माणसाला विकून स्कूटर घेतली. गणपती वेळेवर बसला. काकूंनी चंद्रीला पहिला मोदक दिला, जिन्याच्या खाली.

मग दिवाळी आली. बिद्रीच्या दोघी परत आल्या होत्या, पण रतीब मोजकेच. पाडव्याला आबा निघेनात. गिरणीवाला आपली गाडी घेऊन आला, आबांनी ती सुरू केली, चंद्रीनं पाठ फिरवली. आणखी एकाची आणली, तसंच. आबा ओट्यावर बसले. "ऱ्हाऊ दे. यंदा न्हाय पळत आपली." एवढ्या हळू आवाजात ते माणसांशी कधी बोललेले मला आठवत नाही, आणि मला ते सहन झालं नाही.

मी राजारामपुरीला गेले आणि त्या दुबईवाल्या पोराला मोबाइलसकट उचलून आणलं. त्याची किंमत तांब्याभर बासुंदी ठरली. शिवाप्पाला गाडा मागितला. त्यानं कारण विचारलं, ऐकलं, आणि गाड्यावरचं सगळं भंगार आमच्याच दारात ओतून दिलं. मी गाड्यात बसले, मोबाइल माइकला लावला, आणि कर्ण्यातून सगळ्या गल्लीवर आमची विकलेली गाडी गरजली. फट्-फट्-फटाक्. चंद्री दावं ओढत उभी राहिली. आबाही उभे राहिले.

"सायकलवर बसायचं व्हय मी? लोक हसतील की गं."

"हसू द्यात की आबा. पळू द्या फकस्त."

लोक हसलेच. रंगवलेल्या शिंगांच्या म्हशी, चकाचक गाड्या, आणि त्यांच्यात तीन चाकांच्या भंगारगाड्यावर पायडल मारणारे माझे आबा, फेट्यासकट. आवाज संपत आला की मी पुन्हा पहिल्यापासून लावायची, आणि शेवटी दर वेळी कर्ण्यातून माने सर बोंबलायचे, "धरा रे हिला! धराऽऽ!" तिसऱ्या वेळेपासून सगळा रस्ता सरांबरोबर ओरडायला लागला. पण चंद्री पळाली. मान वर करून, मोरपिसं उडवत, चुकलेल्या ठोक्यावर कान टवकारत, सगळा रस्ता पळाली. आबांच्या पाठीला मी बघत होते. ती ताठ होती. मला इतका आनंद झाला की मी रडले, आणि माइक चालू होता त्यामुळं तेही गावानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी भलतीकडं बघणाऱ्या बायकांपैकी काहीजणी पातेली घेऊन दारात आल्या. सगळ्या नाही आल्या. पिशवीची सवय लागली की सुटत नाही.

आता पूर वरचेवर येतो. पूर्वी आजोबा नातवाला एका पुराची गोष्ट सांगायचे, आता नातूच आजोबांना सांगतो, मागल्या वेळी पाणी कुठवर होतं. आम्ही राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्टच्या इमारतीत. म्हशी राहिल्या नाहीत. दर पुरानंतर टीव्हीवर कोटमधली माणसं नुकसानीचे आकडे सांगतात. मी ते नीट ऐकते. त्यांत पूल असतो, ऊस असतो, दुकानं असतात. न बुडालेली गाडी नसते. त्यांना ती कुठं लिहायची तेही कळणार नाही, आणि माझे केस पिकायला लागले तरी मलाही ते नीट सांगता येत नाही.

आबा आता फार बोलत नाहीत. खिडकीशी खुर्ची टाकून बसतात, पाऊस लागला की विचारतात, "गिरणीची पायरी बुडाली काय गं?" मग मी माझा मोबाइल काढते. त्या पोराकडून घेतलेला तो आवाज मी एका यंत्रातून दुसऱ्यात असा करत आजवर सांभाळला आहे. फट्-फट्-फटाक् सुरू झालं की आबांची उजवी मूठ खुर्चीच्या हातावर हळूहळू पिळली जाते. आणि दर वेळी, सर ओरडायच्या जरा आधी, ते मूठ सैल सोडतात आणि मान वळवून मागं बघतात, येतीय का म्हणून.